गॉगलवरचा चिखल

गॉगलला चिखल मी स्वतः लावला होता, आणि तोही शर्यत संपल्यावर. हे वाक्य लिहायला मला जवळजवळ तीस वर्षं लागली, म्हणून ते आधीच लिहून टाकतो; पुढे ढकललं तर मी ते पुन्हा टाळेन, मला माझी सवय माहीत आहे. टिटवाळ्याच्या माळावर शेवटची फेरी संपली तेव्हा मी गाडी पाण्याच्या टँकरच्या आडोशाला नेली, हातमोजा काढला, मडगार्डखालचा ओला चिखल बोटांनी खरवडला आणि गॉगलच्या काचेवर दोन्ही बाजूंना सारखा फासला. मग लेले सरांकडे जाऊन म्हणालो, "सर, पाटी दिसलीच नाही." पाटी मला दिसली होती. चांगली तीन वेळा दिसली होती.

लेले सर तांत्रिक शाळेत वर्कशॉप शिकवायचे. निवृत्त झाल्यावर डोंबिवली पूर्वेला आपल्या बैठ्या घराच्या मागच्या अंगणात त्यांनी पत्र्याची शेड बांधली आणि तिथे दोन टू-स्ट्रोक मोटारसायकली मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतींसाठी तयार करायला घेतल्या. निवृत्तीनंतर लोक बागकाम करतात, देवळाच्या कमिटीवर जातात. सरांनी हे केलं, आणि काकूंनी ते बागकामासारखंच सहन केलं. सर शेडमध्येही वर्गात बोलल्यासारखे पूर्ण वाक्यांत बोलायचे. "कार्बुरेटर उघडण्यापूर्वी हात धुवावेत, उघडल्यानंतर सगळेच धुतात." स्वयंपाकघराची खिडकी शेडकडे उघडायची, त्यामुळे कुकरच्या शिट्ट्या आणि इंजिनाचा आवाज एकमेकांत मिसळायचे. काकूंना गाडीतलं काही कळत नसे, पण खिडकीतून त्या म्हणायच्या, "मिलिंद, तुझी आज खोकतेय रे," आणि उघडून बघितलं तर खरोखर प्लगवर काजळी धरलेली असायची.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघं तिथेच जेवायचो. दोघं म्हणजे सरांच्या गाड्या पळवणारे, मी आणि हरेश भोईर. मुगाची खिचडी, ताक, भाजलेला पापड, लिंबाचं लोणचं. काकू तूप एकाच चमच्याने, आधी एका ताटात आणि लगेच दुसऱ्या ताटात वाढायच्या आणि मग दोन्ही ताटांकडे एकदम बघायच्या. मीही बघायचो. हरेशच्या खिचडीवरचं तूप जास्त पसरलेलं दिसलं की ती खिचडी जास्त गरम असेल अशी मी स्वतःची समजूत घालायचो. तेवीस वर्षांचा होतो. हरेश बघत नसे. त्याचा वेगळा डबा असायचा, तांदळाची भाकरी आणि कांद्यातली सुकट, आणि तो उघडायला तो शेडमध्ये जायचा. काकू मग खिडकी लावून घ्यायच्या. पाच मिनिटांनी सर उठायचे आणि व्हॉल्व्ह तपासून येतो म्हणून शेडमध्ये जायचे. आमच्या इंजिनांना तपासण्यासारखे व्हॉल्व्हच नव्हते. हे काकूंना माहीत नव्हतं, किंवा माहीत होतं.

हरेश ठाकुर्लीजवळच्या जुन्या गावातला. त्यांची भातशेती होती, पण त्याच्या वेळेपर्यंत खाचरांच्या दोन बाजूंना इमारती उभ्या राहिल्या होत्या. बांधावरून तो लहानपणापासून गाडी चालवायचा, त्यामुळे चिखलात मागचं चाक घसरलं की आम्ही बाकीचे दचकायचो आणि हरेश नुसता कंबर हलवायचा. सर एकदा काकूंना सांगत होते ते मी ऐकलं: "हरेश गाडी चालवतो. मिलिंद गाडीशी भांडतो." त्यांनी ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, सायलेन्सर कुठला कुणाला बसवावा याबद्दल ते बोलत होते. पण मी ते वाक्य घरी घेऊन गेलो, आणि ते अजून माझ्याकडे आहे.

टीम दोघांची असली की सगळ्यात जवळचा शत्रू टीममध्येच असतो, कारण गाडी सारखीच असते आणि हरलो तर गाडीचं नाव सांगता येत नाही. आमच्याकडे तर नव्या टायरची जोडीही एकच यायची. ज्याचे गुण जास्त त्याला नवे टायर, दुसऱ्याला त्याचे मागच्या शर्यतीतले. मी हरेशला गिअरिंगबद्दल खोटं सांगायचो. तो मला खरं सांगायचा, आणि ते खोटं असेल असं समजून मी उलटं करायचो. सरांना हे सगळं दिसत असावं. त्यांनी दोन नियम घातले होते. पहिला, शर्यत झाल्यावर दोघांनी शेजारी बसून चहा प्यायचा आणि भांडण असेल तर ते चहा संपल्यावर काढायचं. चहा संपेपर्यंत बहुतेक वेळा भांडणाचा कंटाळा यायचा. दुसरा नियम पाटीचा. सर दुसऱ्या वळणाच्या तोंडाशी, जिथे गाडीचा वेग सगळ्यात कमी होतो, तिथे शाळेची पाटी घेऊन उभे राहायचे. आम्ही दोघं पुढेमागे असलो आणि पाटीवर अक्षर दिसलं, तर ज्याचं अक्षर त्याने पुढे जायचं आणि दुसऱ्याने वाट द्यायची. 'मि' म्हणजे मी, 'ह' म्हणजे हरेश. अक्षर कुठलं, हे वर्षाच्या गुणांवरून ठरायचं. "आपण दोन गाड्या पळवतो, पण शर्यत एक पळवतो," असं सर म्हणायचे, आणि आम्ही दोघांनी खिचडी खाता खाता त्याला हो म्हटलं होतं. मी तर जरा मोठ्याने म्हटलं होतं, कारण तेव्हा गुण माझे जास्त होते.

म्हणून पाटी पहिल्यांदा माझ्यासाठी निघाली. साताऱ्याला हरेश सगळ्यांच्या पुढे होता आणि मी दुसरा. सहाव्या फेरीला सरांनी 'मि' दाखवला. हरेशने पुढच्याच वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला घेतली, डावा हात हँडलवरून उचलून मला आतली वाट दाखवली, आणि मी जिंकलो. चहाला तो शेजारी बसला. मी बक्षिसाच्या कपाकडे बघत होतो, तर तोच म्हणाला, "मिल्या, कप आपलेच शेडमदी येल ना? मंग झाला." मी त्याला थँक्यू म्हटलं नाही. तेव्हा मित्रांना थँक्यू म्हणायची पद्धत नव्हती, असं मी इथे लिहिणार होतो. पद्धत होती. मी म्हटलं नाही.

पुढे नाशिकला मी उडीवरून आडवा पडलो, त्यानंतरच्या शर्यतीत माझी चेन तुटली, आणि हरेश गुणांमध्ये पुढे निघून गेला. टिटवाळ्याची शेवटची शर्यत आली तेव्हा हिशोब लहान मुलालाही समजेल असा होता. हरेश जिंकला तर वर्षाचं अजिंक्यपद त्याचं; नाही जिंकला तर कोल्हापूरच्या एका रायडरचं. माझा त्यात काही संबंध उरला नव्हता. पुण्याकडच्या एका मोटारसायकल कंपनीचा माणूस येणार होता, आणि जो अजिंक्यपद घेईल त्याला ते टेस्ट रायडर म्हणून नोकरीवर घेणार होते. हरेशच्या घरी नोकरीवाला तोपर्यंत कुणीच नव्हता. त्याच्या आईने आदल्या दिवशी मला बजावलं होतं, "तू त्याचे बरोबर ऱ्हा रं पोरा." मी हो म्हटलं. त्या वर्षी मी फार वेळा हो म्हटलं.

आता वडिलांबद्दल सांगायला हवं. ते ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोत ड्रायव्हर होते आणि आम्ही डेपोच्या मागे दोन खोल्यांत राहायचो. पहाटे गाड्या गरम करायला लागले की आमच्या मांडणीवरची भांडी थरथरायची आणि त्या आवाजातच आईची वंदना चालायची. इंजिन बंद पडलं की तिचा एखादा शब्द एकदम मोठा ऐकू यायचा. वडिलांचा अभिमान एकाच गोष्टीचा होता: एवढ्या नोकरीत त्यांनी गरज नसताना एकदाही ओव्हरटेक केलं नव्हतं. मागचा हॉर्न वाजवायला लागला की ते डावीकडे घेऊन हात बाहेर काढायचे. "जाऊ दे त्याला, घाईत असेल," असं ते रस्त्यावरच नाही तर घरातही म्हणायचे, मोरीकडे जातानासुद्धा. पॅसेंजर त्यांना शिव्या द्यायचे आणि त्या ते जेवताना आम्हाला सांगायचे. आई म्हणायची, सावकाश जातात म्हणून संध्याकाळी घरी येतात. माझ्या शर्यतींना ते कधी आले नव्हते. टिटवाळ्याला आले, कारण डेपोतल्या कुणीतरी त्यांना म्हटलं की तुमचा पोरगा तुमच्यावर गेलेला नाही, एकदा बघून या. डब्याची पिशवी हातात घेऊन ते कुंपणाला टेकून उभे राहिले. दुसऱ्या वळणावर, लेले सरांपासून चार हातांवर.

सुरुवात मला चांगली मिळाली. पहिल्या वळणाला मी पुढे होतो, हरेश माझ्या मागे, कोल्हापूरचा त्याच्याही मागे. धूळ उडू नये म्हणून टँकरने ट्रॅकवर पाणी मारलेलं होतं, आणि मी पुढे असल्यामुळे माझ्यावर चिखल उडवायला कुणी नव्हतं. गॉगल इतका स्वच्छ होता की वडिलांच्या पिशवीचा रंग दिसत होता. सातव्या फेरीला पाटी वर आली. 'ह'. मी मान वळवून बघितलं आणि पुढे गेलो. आठव्याला पुन्हा 'ह'. सरांनी अक्षरावर खडू पुन्हा गिरवला होता, तेही दिसलं. नवव्याला त्यांनी पाटी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली होती. दर वेळी पाटीच्या शेजारीच वडिलांचा चेहरा यायचा. मला वाटलं, यांच्यासमोर बाजूला व्हायचं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याला वाट दिली, त्याच्यासमोर मला वाट द्यायची लाज वाटली. हे मी खूप विचार करून नंतर शोधलेलं कारण आहे. त्या वेळी डोक्यात फक्त एवढंच होतं की मी पुढे आहे.

दहावी फेरी शेवटची. शेवटून दुसऱ्या वळणावर हरेश आतून आला. घाईने नाही आला. वाट आपल्यासाठी ठेवलेली आहे असं समजून आला. त्याचं पुढचं चाक माझ्या गुडघ्यापाशी दिसलं आणि मी हँडल आत वळवलं. माझं मागचं चाक त्याच्या पुढच्या चाकाला लागल्याचं मला जाणवलं, आणि मग एक आवाज आला, पोतं टाकल्यासारखा. मी मागे बघितलं नाही. थ्रॉटल पिळला आणि जिंकलो. त्यानंतर टँकरच्या मागे काय केलं ते वर लिहिलंच आहे.

सरांनी माझ्याकडे बघितलं, गॉगलकडे बघितलं, आणि "अस्सं," एवढंच म्हणून ते हरेशकडे धावले. त्या वयाचा माणूस धावताना कसा दिसतो ते मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. वडील कुंपणाखालून वाकून आत आले. तो पडलेला पोरगा तुमच्याच शेडचा ना, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं आणि चिखलाचं सांगितलं. काहीच दिसत नव्हतं म्हणालो. वडिलांनी गॉगल हातात घेतला, काचेवरून अंगठा फिरवला, अंगठ्याकडे बघितलं.

"दिसत नव्हतं, तर वेग कमी का नाही केलास?"

ते उत्तरासाठी थांबले नाहीत. पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्यांनी मला दिली आणि घरी जायला निघाले. त्यानंतर ते अठरा वर्षं जगले. या विषयावर एक शब्द बोलले नाहीत. मी कंपनीत लागल्यावर त्यांनी डेपोत पेढे वाटले नाहीत, एवढंच.

हरेशची कॉलरबोन मोडली आणि खांद्याचा सांधा निखळला. कल्याणच्या हॉस्पिटलात दुसऱ्या दिवशी सर आणि मी गेलो. माझ्या हातात मोसंब्यांची पिशवी होती. सर खाटेजवळच्या स्टुलावर बसले नाहीत, उभेच राहिले, आणि वर्गात चुकीचं उत्तर शिकवल्यावर मास्तर जसा कबूल करेल तसं म्हणाले, "हरेश, अक्षर मी लहान काढलं. चिखलातून ते दिसणं शक्य नव्हतं, याचा विचार मी करायला हवा होता. चूक माझी आहे. मला क्षमा कर." हरेश सरांकडे बघत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. बराच वेळ बघून तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या सर." मी मोसंबी टेबलावर ठेवली. एक घरंगळून खाली गेली, ती उचलायला मी वाकलो आणि गरजेपेक्षा जास्त वेळ खाली राहिलो.

अजिंक्यपद मिळालेल्या कोल्हापूरच्या रायडरचं घरचं गुऱ्हाळ होतं, त्याला नोकरी नको होती. मग कंपनीच्या माणसाने शेवटची शर्यत जिंकणाऱ्याचं नाव विचारलं. असा मी टेस्ट रायडर झालो. माझं लग्न, ठाण्यातलं घर, मुलीचं शिक्षण, सगळं त्या नोकरीतून आलं. सरांनी पुढच्या हंगामासाठी मोठा फळा करून घेतला, पिवळ्या रंगाचा, वीतभर अक्षर मावेल असा. पण मी गेलो होतो आणि हरेशचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, त्यामुळे त्या फळ्यावर लिहायला कुणाचं अक्षर उरलं नव्हतं. सर वारले तेव्हा मी भेटायला गेलो. काकू म्हणाल्या, "त्यांना त्या अक्षराचं शेवटपर्यंत लागून राहिलं होतं रे." मी मान हलवली आणि त्यांनी दिलेला चहा प्यायलो. माझ्या अपराधांच्या यादीत हे टिटवाळ्याच्याही वर आहे.

मुलगी ऋतुजा आता रविवारी मोटारींच्या शर्यती बघते, परदेशातल्या, ताशी तीनशेच्या. तिथे पाटीऐवजी हेल्मेटमध्ये रेडिओ असतो. मागच्या वर्षी एकदा मी शेजारी बसलो होतो. एका टीमच्या पुढच्या ड्रायव्हरला इंजिनीअर सांगत होता की तुझ्या मागे आपलीच गाडी आहे, तिला जाऊ दे. ड्रायव्हर काही बोलेना. इंजिनीअरने पुन्हा सांगितलं. ऋतुजा म्हणाली, "बघ बाबा, ऐकू येतंय त्याला. आता म्हणेल रेडिओ बिघडलेला." मी पाणी प्यायला उठलो. परत आलो तेव्हा ती म्हणाली, "तू काय केलं असतंस?" मी म्हणालो, दिली असती वाट. बावीस वर्षांच्या मुलीशी मी सहज खोटं बोललो, आणि त्या आठवड्यात ठाकुर्लीला गेलो.

हरेशची तिथे ड्रायव्हिंग स्कूल आहे हे मला बरीच वर्षं माहीत होतं. मी आयुष्य दुचाकीवर काढलं, चारचाकी कधी शिकलो नव्हतो, हे कारण माझ्याकडे तयार होतं. ठाण्यात चार स्कूल सोडून तिकडे कशाला, असं बायकोने विचारलं तर मी म्हणालो, तिकडे रस्ते रिकामे असतात. तिने ठाकुर्ली बघितलेली आहे. स्कूलच्या टेबलावर हरेशच्या बायकोने माझा फॉर्म भरून घेतला. हरेशने फॉर्म वाचला, माझ्याकडे बघितलं, पोट सुटलंय म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला यायला सांगितलं. पहिल्या दिवशी त्याने क्लच शिकवला. दुसऱ्या दिवशी रिव्हर्स. बाकी काही विषय निघाला नाही. माझ्याकडून गाडी बंद पडायला लागली की तो त्याच्या बाजूच्या पेडलने ती सावरायचा आणि म्हणायचा, "गाडीशी भांडू नको."

तिसऱ्या दिवशी पुलाकडून येताना दुसऱ्या गिअरमध्ये मी सुरुवात केली. म्हणालो, हरेश, टिटवाळ्याच्या त्या शर्यतीत. तेवढ्यात त्याने त्याच्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी धक्का खाऊन रस्त्याच्या कडेला थांबली.

"चालवताना बोलाचा नाय. शिकाऊ हायस." त्याने हँडब्रेक ओढला, डाव्या हाताने चावी फिरवून इंजिन बंद केलं. "आता बोल."

मी समोरच्या काचेकडे बघत म्हणालो, की पाटी मला दिसली होती.

"किती येला?"

"तीन."

"सरांनी चार येला दावली."

"चौथ्या वेळी मी बघितलंच नाही."

त्याने आरशातून मागचा रस्ता बघितला. मग म्हणाला, "मी मागं व्हतो. तुजी मान फिरलेली मना दिसली. तिनी येला." आवाजात राग नव्हता, क्लच समजावताना असायचा तसाच आवाज होता. "मंग तू गॉगल घेऊन आलास. मी स्ट्रेचरवर व्हतो, पन दिसला मना. सरांना सांगलो नाय. ते तुना शेडमदी घेतले नसते. पोरगा येईल, बोलल, असा वाटला मना."

मी त्याच्याकडे वळून बसलो. सीटबेल्ट गळ्याशी आडवा आला, तो काढायचं मला सुचलं नाही.

"चिखल मी नंतर लावला," मी म्हणालो. "तुझ्या आड मी मुद्दाम आलो. सर तुझी माफी मागत होते तेव्हा मी तिथे उभा होतो आणि गप्प बसलो. ती माफी माझी होती. तुझा खांदा मी मोडला, तुझी नोकरी मी केली, आणि सर गेले तरी मी बोललो नाही. हरेश, मला माफ कर."